माळ्यावरचा नाडा



क्षमावाणीच्या दिवशी आपण सगळ्यांना हात जोडून क्षमा मागतो. खरं सांगायचं तर बहुतेक वेळा कशाबद्दल मागतोय ते आपल्यालाही ठाऊक नसतं. या वर्षी मला ते नक्की ठाऊक होतं. मंडळातल्या दीडशे जणींच्या हातात मी ‘कापडी’ म्हणून जी पिशवी दिली, ती कापडी नव्हती.

झालं असं. दसलक्षण पर्वात प्रभावना काय वाटायची यावर मंडळात चर्चा झाली. स्टीलच्या वाट्या सगळ्यांकडे ढीगभर आहेत, तेव्हा यंदा कापडी पिशव्या देऊ, प्लास्टिक तरी कमी होईल, असं मीच सुचवलं. मग आणायची जबाबदारीही माझ्यावरच आली. एका दुकानात छान रंगीत पिशव्या मिळाल्या. ‘कापडीच आहेत ताई, पर्यावरणपूरक,’ असं दुकानदार म्हणाला. स्वस्त होत्या, तेव्हाच शंका यायला हवी होती. वर मी हौसेनं ‘अहिंसा परमो धर्मः’ छापून घेतलं.

एक पिशवी घरी आणून आत्तींना दाखवली. माझ्या सासूबाई ऐंशीच्या पुढच्या आहेत. आम्ही सगळ्या सुना त्यांना आत्ती म्हणतो. त्यांनी पिशवी हातात घेतली, बोटांनी चोळली, कात्रीनं आतल्या शिवणीचा एक तुकडा कापला, चिमट्यात धरला आणि निरांजनावर नेला. तुकडा आक्रसला, वितळला आणि चिमट्याच्या टोकाला काळा टणक मणी होऊन बसला.

‘‘ह्ये कापड न्हवं गं,’’ आत्ती म्हणाल्या. ‘‘कापूस जळला की राख हुती. ह्यो गोळा झाला की!’’

पाण्याचं गाळणं घेताना त्या आयुष्यभर असंच करत आल्या आहेत. गाळण्याचं कापड जाड आणि सुतीच हवं, म्हणून दुकानात एक दोरा ओढून घ्यायचा आणि घरी येऊन जाळून बघायचा. मला ही त्यांची जुनी खोड वाटायची.

ती पिशवी पॉलीप्रॉपिलीनची होती. न विणता, तंतू तापवून एकमेकांना चिकटवलेलं ते प्लास्टिकच. दिसायला कापडासारखं, हाताला मऊ. 2018 साली आपल्या राज्यात प्लास्टिकबंदी आली तेव्हा या पिशव्यांचंही नाव त्या यादीत होतं. तरी त्या कापडाच्या नावानं विकल्या जातात आणि माझ्यासारख्या बायका त्यावर धर्मवचन छापून वाटतात.

मी गप्प बसलेली बघून आत्ती म्हणाल्या, ‘‘खरा धागा बघायचा आसंल तर माळ्यावर चढ.’’

अंबाडीचा नाडा

आमचं सासरचं घर शिरोळ तालुक्यातलं. माळ्यावर जुनी मापं, जात्याचा खुंटा, फुटकी घंगाळं यांच्या मागं मला तो सापडला. मनगटाएवढा जाड, तीन पेडांचा, धुळीनं काळा पडलेला दोर. मोटेचा नाडा. विहिरीवर बैल ज्याच्या जोरावर पाण्यानं भरलेली मोट वर ओढायचे, तो.

‘‘अंबाडीचा हाय,’’ आत्ती म्हणाल्या. ‘‘आमच्या मामंजींनी करून घेतल्याला.’’

अंबाडी म्हटलं की आपल्याला भाजी आठवते. तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्या घालून केलेली आंबट भाजी. आमच्याकडे ती बिनलसणाची होते आणि चातुर्मासात पालेभाज्या सोडलेल्या असल्यामुळे ऐन पावसाळ्यात चुलीवर चढतच नाही. पण शेतात ती असायचीच. खरिपाच्या ज्वारीच्या, तुरीच्या कडेनं अंबाडीचे तास टाकायचे. कोवळी असताना पाला भाजीला, पुढं फुलावर आली की पुरुषभर उंचीची काठी कापायची, जुड्या बांधायच्या आणि ओढ्याच्या साचलेल्या पाण्यात दगड ठेवून बुडवायच्या. दहा-पंधरा दिवसांत साल कुजून सुटी व्हायची. ती सोलून, धुऊन, वाळवली की सोनेरी-पांढऱ्या तंतूंची लांब जुडी मिळायची. तिला वाख म्हणतात. घायपाताच्या पानांतूनही वाख निघतो आणि तागाच्या काडीतूनही.

या वाखापासून शेतकऱ्याचं निम्मं घर बांधलेलं असायचं. बैलाचा कासरा, म्हशीचं दावं, वासराची म्होरकी, भाऱ्याचं चऱ्हाट, दुधाचं शिंकं, बाजेची वीण. ज्येष्ठ-आषाढात बेंदूर आला की बैलाला जुना दोर घालायचा नाही, नवाच. दोर वळणारे हात मातंग समाजाचे होते. दोन माणसं समोरासमोर उभी राहून पीळ देत, तिसरा पेड जुळवत जाई. वर्षाचे दोर त्यांनी द्यायचे आणि सुगीला आपण धान्य द्यायचं, असा व्यवहार होता. आत्ती एक गोष्ट लपवून ठेवत नाहीत. ‘‘दोर घरात यायचा, दोर वळणारा अंगणाबाहेर थांबायचा.’’ नाड्याचं कौतुक करताना हेही सांगायला हवं. नाही तर जुन्या काळाचं आपण खोटंच चित्र रंगवू.

एक गंमत सांगते. अंबाडी, कापूस, भेंडी आणि आपली जास्वंद ही सगळी एकाच कुळातली झाडं आहेत. फुलं शेजारी ठेवून बघा, बहिणी-बहिणी दिसतात. भेंडीच्या खोडातही वाख असतो. आपल्या कोल्हापूरच्या गुऱ्हाळात काहिलीतल्या उसाच्या रसाची मळी वर आणायला भेंडीच्या रोपांचाच चिकट रस घालतात. म्हणजे गूळ स्वच्छ करणारी भेंडी, तो गूळ भरायचं पोतं देणारा वाख आणि गूळ बांधायचं कापड देणारा कापूस एकाच घराण्यातले. शाहू महाराजांच्या काळात वसलेल्या शाहूपुरीच्या पेठेत गुळाचा व्यापार वाढला, तो या सगळ्यांच्या खांद्यावर.

नाडा खाली आणल्यावर मी त्याच्या टोकाचा एक तंतू काढून निरांजनावर धरला. कागदासारखा भुरकन जळला आणि बोटावर चिमूटभर करडी राख राहिली. मला वाटलं, सुटलो. झाडाचा धागा चांगला, प्लास्टिक वाईट. संपला प्रश्न.

पण नंतर या विषयावर वाचायला लागले, तेव्हा कळलं की प्रश्न तिथं संपत नाही.

वाटेत काय लागलं?

आपल्या ओढ्यात जे होत होतं तेच मोठ्या प्रमाणावर बंगालमध्ये होत होतं, तिथल्या पाटाच्या झाडावर. त्याला आपण सरसकट ज्यूट म्हणतो. एकोणिसाव्या शतकात हा वाख जहाजानं स्कॉटलंडमधल्या डंडी नावाच्या गावी जाऊ लागला. डंडीत आधी जवसाच्या झाडाच्या तंतूंचं, म्हणजे लिननचं कापड विणत. त्या यंत्रांवर बंगालचा वाख चढवला तर तो कडक असल्यामुळे तुटायचा. त्याला मऊ करायला तेल हवं होतं. ते तेल डंडीच्या बंदरातच होतं. तिथून उत्तरेच्या बर्फाळ समुद्रात देवमाशांची शिकार करायला जहाजं जात. देवमाशाच्या चरबीचं तेल आणि पाणी चोळल्यावर वाख नरम झाला, यंत्रावर चालू लागला आणि डंडी जगाचं गोणपाटाचं गाव झालं.

हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून ठेवलं. धान्याचं पोतं! जैनाच्या घरातही ज्याच्याबद्दल कोणी कधी शंका घेतली नसेल अशी वस्तू. धागा झाडाचा, पण त्याच्या पोटात देवमाशाचं तेल.

पुढं 1853 ते 1856 या काळात रशियाशी युद्ध झालं. रशियातून इंग्लंड-स्कॉटलंडला येणारे जवसाचे आणि भांगेच्या झाडाचे तंतू अडले, तशी ज्यूटची मागणी आणखी वाढली. 1855 मध्ये हुगळीच्या काठी रिश्रा इथं भारतातली पहिली ज्यूट गिरणी निघाली आणि विसावं शतक उजाडेपर्यंत कोलकात्यानं डंडीला मागं टाकलं. जगभरचं धान्य, कॉफी, साखर, कापूस बंगालच्या पोत्यांतून फिरू लागलं. युद्धं आली की खंदकांसाठी वाळूची पोती लागत. एका झाडाच्या सालीवर एवढा मोठा उद्योग उभा राहिला.

देवमाशाच्या तेलाची जागा नंतर खनिज तेलानं घेतली. नव्या कोऱ्या गोणपाटाला रॉकेलसारखा वास येतो ना, तो त्याचाच. धान्याला तो वास लागतो, म्हणून 1990 च्या दशकाच्या अखेरीस खाण्याच्या मालासाठी वेगळी पोती ठरवली गेली. त्यांच्या वाखाला भाताच्या कोंड्याचं तेल लावतात. म्हणजे पोतं पूर्णपणे झाडाचं व्हायला दीडशे वर्षांहून अधिक काळ गेला.

आता आपल्या घराजवळ येऊ. 1904 मध्ये इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला. त्यांच्या पाठीशी संस्थानचे अधिपती नारायणराव बाबासाहेब घोरपडे होते. दोनच वर्षांनी, 1906 मध्ये, कोल्हापुरात शाहू महाराजांनी सूत आणि कापडाची गिरणी काढली. शाहू मिलच्या भोंग्यावर कित्येक घरांत चहाचं आधण चढायचं, हे तुमच्यातल्या पुष्कळ जणींनी ऐकलं असेल. तो भोंगा आता बंद आहे, पण इचलकरंजीचा खडखडाट चालू आहे. आपल्यातल्या किती तरी घरांची चूल त्या मागांवर पेटते.

मागावर चढवण्याआधी ताण्याच्या सुताला खळ द्यावी लागते, नाही तर सूत घासून तुटतं. इचलकरंजीत ‘सायझिंग’ हा शब्द पोरासोरांनाही माहीत असतो. खळ म्हणजे मुख्यतः पिठाची पेज. पण नुसत्या पेजेनं सूत कडक होतं, म्हणून तिच्यात काही तरी स्निग्ध घालतात. जुन्या काळी इंग्लंडच्या आणि इथल्या गिरण्यांतही खळीत जनावरांची चरबी घालण्याची रीत होती. स्वदेशीच्या काळात गिरणीचं कापड नाकारणाऱ्यांत काही जण केवळ या चरबीमुळे ते नाकारत. हातानं कातलेल्या, हातमागावर विणलेल्या खादीला जैन घरांत आदर होता, त्यामागं देशभक्ती होती आणि हा विटाळही होता. आपल्या कुंभोजचे कर्मवीर भाऊराव पाटील खादी वापरत, हे आपण अभिमानानं सांगतो. खादीच्या त्या निवडीत सुताला लागलेल्या चरबीचाही प्रश्न होता, हे माझ्या तरी कधी लक्षात आलं नव्हतं.

रेशमाचं आपल्याला कळतं. कोष उकळत्या पाण्यात टाकतात हे माहीत असल्यामुळे पुष्कळ जणी पूजेला रेशमी वस्त्र नेसत नाहीत. पण सुती म्हटलं की आपण डोळे मिटून विश्वास ठेवतो.

कुठून आला आणि कुठे जाणार?

वाटेत काय लागलं या प्रश्नाला आणखी दोन प्रश्न जोडायला हवेत. धागा आला कुठून आणि काम संपल्यावर जाणार कुठे?

कुठून आला, याचं उत्तर फार दूर शोधायला नको. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर औषध फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर गेले. मारायचे होते किडे, मेली माणसं. किड्यांचा हिशेब तर कुणी ठेवलेलाच नाही. त्या कपाशीचंही शेवटी सुती कापडच होतं आणि त्यावरही ‘नैसर्गिक’ असंच लिहिलेलं असतं.

अंबाडीला असली फवारणी फारशी लागत नाही. ती आपली आपण वाढते. पण मघाशी मी कुजवण्याबद्दल लिहिलं ते आठवा. वाख सुटतो तो पाण्यातल्या असंख्य सूक्ष्म जिवांच्या कामामुळे. त्या पाण्यातला प्राणवायू संपतो, पाणी नासतं, त्यात मासे जगत नाहीत. आपण पाणी गाळून घेतो आणि गाळण्यावर राहिलेली जिवाणी परत त्याच पाण्यात सोडतो. अशा घराच्या अंगणात तोच वाख नाडा होऊन यायचा. आत्तींना मी हे विचारलं. त्या म्हणाल्या, ‘‘आमच्या आजेसासूबाई पिण्याच्या पाण्याजवळ अंबाडी घालू द्यायच्या न्हाईत. आन् लागंल तेवढीच पेरायची, इकायला न्हाई.’’

आपल्या शास्त्रात गृहस्थाच्या हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत : संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. मुद्दाम मारण्याच्या हेतूनं केलेली संकल्पी हिंसा श्रावकानं सोडायचीच. घरकामात आणि पोटापाण्याच्या उद्योगात होणारी हिंसा पूर्ण टळत नाही, ती कमीत कमी ठेवायची. भगवान आदिनाथांनी असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य, शिल्प अशी सहा कर्मं शिकवली, त्यात शेतीही आहे आणि विणण्यासारखं शिल्पही आहे. म्हणजे धर्मानं आपल्याला शेत सोडा, माग सोडा असं सांगितलेलं नाही. हिशेब ठेवा, एवढं सांगितलं आहे. आजेसासूबाईंचं ‘लागंल तेवढीच’ हा तो हिशेब होता.

आता तिसरा प्रश्न. नाडा झिजला की शेतात टाकायचा, दोन पावसाळ्यांत त्याची माती व्हायची. त्याच्या जागी नायलॉन आलं. स्वस्त, हलकं, पाण्यानं न कुजणारं. मोटा गेल्या, इंजिनं आली, मग विजेच्या मोटारी आल्या. अंबाडीचे तास गेले, तिथं ऊस आला. पोत्यांचंही तेच झालं. खताची, सिमेंटची, साखरेची पोती प्लास्टिकच्या पट्ट्यांची विणली जाऊ लागली. ज्यूट शेतकरी आणि कामगार वाचावेत म्हणून 1987 मध्ये केंद्र सरकारनं कायदा करून काही माल ज्यूटच्या पोत्यातच भरायची सक्ती केली. त्या आदेशांमुळे आज रेशनचा गहू-तांदूळ मुख्यतः बारदानातच येतो. साखरेसाठी हे प्रमाण पाचात एक पोतं इतकंच उरलं. आपल्या जिल्ह्यात एवढे साखर कारखाने, तरी गोणपाट आता घरात सहज सापडत नाही. पायपुसण्यासाठी पोतं शोधायला गेलं की प्लास्टिकचंच हाताला लागतं. ते उन्हात पडलं की त्याचे बारीक तुकडे होतात, माती मात्र होत नाही.

हे सगळं जगाच्या लक्षात आलं, म्हणून झाडाच्या तंतूंना पुन्हा दिवस आले आहेत. 2009 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी नैसर्गिक तंतूंचं वर्ष म्हणून पाळलं. रस्त्याच्या कडेची माती धरून ठेवायला ज्यूटची आणि नारळाच्या काथ्याची जाळी अंथरतात. गवत रुजेपर्यंत ती टिकते, मग मातीत मिळते. उसाच्या चिपाडाचा कागद होतो. तमिळनाडूत 1980 च्या दशकात वर्तमानपत्राचा कागद त्यापासून बनू लागला. लग्नाच्या पंगतीतल्या पांढऱ्या पत्रावळ्याही चिपाडाच्याच. आणि जर्मनी-जपानच्या मोटारींच्या दारांच्या आतल्या बाजूला जवसाचा, घायपाताचा, किनाफचा वाख दाबून बसवतात. गाडी हलकी होते, इंधन कमी लागतं. किनाफ म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, आपली अंबाडीच. जी आपण बांधावरून काढून टाकली, ती परदेशी गाडीच्या दारात जाऊन बसली.

आत्तींना हे सांगितलं तेव्हा त्या मनापासून हसल्या. पण मला इथंही तोच प्रश्न विचारावासा वाटतो, शेवटी कुठे जाणार? कारण गाडीच्या दारात तो वाख पुष्कळदा पॉलीप्रॉपिलीनमध्ये किंवा रसायनाच्या डिंकात मुरवून बसवतात. एकदा मिसळल्यावर झाडाचा धागा आणि प्लास्टिक वेगळे करता येत नाहीत. मग तो तंतू मातीतही जात नाही आणि त्याचा पुन्हा धागाही होत नाही. आपल्याकडेही ‘ज्यूटची’ म्हणून मिळणारी पिशवी उलटी करून बघा. आतून चकचकीत अस्तर असेल तर तिचीही गत तीच.

सुती कापडाचंही शेवटपर्यंत बघावं लागतं. सूत मातीत जाईल, पण रंगाईचं पाणी कुठे जातं? पंचगंगेच्या काठी राहणाऱ्या आपण हे कुणाला विचारायची गरज नाही. नदीवर जाऊन उभं राहिलं की दिसतं.

भोग आणि उपभोग

एवढं वाचून झाल्यावर मी थोडी निराश झाले. प्लास्टिक नको, ज्यूटला तेल, कापसाला फवारणी, वाखाला कुजवण. मग वापरायचं तरी काय? मंडळातली एक मैत्रीण म्हणालीच, ‘‘अगं, इतका विचार केला तर जगणं मुश्कील होईल.’’

तिचं म्हणणं खोटं नाही. पण रात्री स्वाध्यायाला बसले असताना मला एक जुनी गोष्ट नव्यानं दिसली. आपल्या बारा व्रतांत एक भोगोपभोग परिमाण व्रत आहे. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंडक श्रावकाचारात भोग आणि उपभोग यांतला फरक सांगितला आहे. एकदा वापरून संपतं ते भोग, जसं अन्न. पुन्हा पुन्हा वापरता येतं ते उपभोग, जसं वस्त्र. दोन्हींची मर्यादा ठरवायची.

मैत्रिणींनो, पिशवी ही खरं तर उपभोगाची वस्तू. आपण तिला भोगाची करून टाकली. भाजी आणली, फेकली. दोर, पोतं, पत्रावळ, पाण्याची बाटली, सगळ्यांचं आपण तेच केलं. ज्या वस्तू आपल्या आजेसासूबाई वर्षानुवर्षं वापरायच्या, त्या आपण जेवणासारख्या एकदा वापरून संपवतो. मग ती वस्तू झाडाची असो की प्लास्टिकची, तिच्यासाठी झालेली हिंसा दर आठवड्याला नव्यानं करावी लागते. माळ्यावरच्या त्या नाड्यासाठी अंबाडी एकदाच कुजली. तो किती वर्षं पाणी ओढत होता, आत्तींनाही आठवत नाही.

धागा झाडाचा असणं चांगलंच आहे. पण तेवढ्यानं तो अहिंसक होत नाही. तो कुठून आला, वाटेत त्याला काय लागलं, शेवटी तो कुठे जाणार आणि मधल्या काळात मी तो किती दिवस वापरणार, हे चारही प्रश्न विचारले तरच आपण पिशवीवर छापतो त्या वचनाला काही अर्थ राहतो.

क्षमावाणीच्या सभेत मी उभी राहिले आणि जे झालं ते सांगून टाकलं. आवाज कापत होता. एक-दोघी हसल्या, एक जण म्हणाली की तिची पिशवी एव्हाना फाटलीसुद्धा. मी सगळ्यांना विनंती केली की असतील त्या पिशव्या फेकू नका, फाटेपर्यंत वापरा. आता त्या जाळून किंवा टाकून पाप कमी होणार नाही.

मग आम्ही ठरवलं. पुढच्या वर्षीची प्रभावना विकत आणायची नाही. इचलकरंजीहून बिनरंगाचा, बिनधुलाईचा मांजरपाट आणायचा. ज्यांच्या घरात माग आहेत त्या दोघींनी खळीत काय घालतात ते विचारून सांगायचं कबूल केलंय. ज्यांना शिवण येतं त्यांनी शिवायचं, बाकीच्यांनी घरातल्या जुन्या सुती साड्यांचे बंद करून द्यायचे. पिशव्या कदाचित दीडशे होणार नाहीत, साठ-सत्तरच होतील. ज्यांच्याकडे धड पिशवी आहे त्यांनी घ्यायची नाही, असंही ठरलं. प्रभावना न घेण्याची प्रभावना, असं आमच्या अध्यक्षबाई म्हणाल्या.

तुम्हालाही एक काम देते. घरातल्या ‘कापडी’ पिशव्या काढा. शिवणीतला एकेक दोरा ओढा आणि निरांजनापासून दूर, परातीत, चिमट्यात धरून जाळून बघा. राख झाली तर झाडाचा, मणी झाला तर प्लास्टिकचा. आणि तुमच्या माळ्यावर, परसात किंवा गावाकडच्या गोठ्यात वाखाचा एखादा जुना दोर असेल, तर तो फेकण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, तो कशाचा आहे, कुणी वळला होता आणि किती वर्षं चालला.

आमचा नाडा मी पुसून, ऊन दाखवून परत माळ्यावर ठेवायला निघाले होते. आत्ती म्हणाल्या, ‘‘वर कशाला? ऱ्हाऊ दे खालीच. बेंदराला बैलाच्या फोटोपुढं ठेवू.’’ बैल जाऊन तीस वर्षं झाली. नाडा आता देवघराच्या बाहेरच्या कोनाड्यात आहे.

उत्तम क्षमा. जय जिनेंद्र.